नारायणरावांचे रविवार

मनकर्णाबाईंच्या छातीतली कळ खरी होती, पण तिच्यावर सांगितलेला इलाज काही त्यांना खरा वाटेना.

खामगावातलं त्यांचं घर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत कपाशीच्या गाड्यांची रीघ, भोंगा, यंत्रांची घरघर, आणि हवेत उडणारी बारीक रुई. दुधावर झाकण ठेवायला विसरलं की सायीवर रुईची दुसरी साय धरायची. लग्न होऊन आल्यापासून त्या याच आवाजात राहिल्या होत्या. आवाज थांबला, तर उलट त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. पण त्या पौषात माडीच्या पायऱ्या चढताना डावा हात जड झाला, छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं आणि त्या मधल्याच पायरीवर बसल्या.

रंगराव डॉक्टर घरी आले. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. हृदय थकलंय म्हणाले. रोजच्या गोळ्या दिल्या, कळ आली की जिभेखाली धरायची एक वेगळी गोळी दिली. इथवर सगळं रीतसर झालं. मग त्यांनी चष्मा काढला आणि मुलाला, रमाकांतला, विचारलं, "तुमची ती धामणगावची आमराई आहे ना अजून?"

रमाकांत हो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, की या धुळीत आणि गोंगाटात नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. सहा-आठ महिने आईला झाडांत नेऊन ठेवा. सकाळ-संध्याकाळ हळूहळू फिरू दे. पुस्तकात दाखवायला माझ्याजवळ काही नाही, पण इतकी वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या छात्या तपासतोय. ज्यांच्या दाराशी झाडं आहेत, त्यांचं हृदय अशा मोहल्ल्यातल्या माणसांपेक्षा सावकाश झिजतं, एवढं मी पाहिलं आहे.

मनकर्णाबाई भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या. झाडं काय, गावाबाहेर कुठंही होती. त्यांच्या भावाच्या शेतातही होती. मग डॉक्टरांच्या तोंडी नेमकी धामणगावची आमराई कशी आली? त्यांना ती ठाऊकच कशी? रमाकांतनं आधीच कानाशी लागून ठेवलं असणार. सून शारदा चहा घेऊन आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. त्यांना तीही जरा जास्तच वाटली.

या संशयाचं खरं कारण मात्र ना सुनेत होतं, ना मुलात. धामणगाव बढ्याच्या त्या आमराईत गोजरबाई राहत होती.

गोजरबाई म्हणजे आमराईच्या रखवालदाराची बायको. नवरा साप चावून मेला, तेव्हा ती चाळिशीच्या आतबाहेर असेल. मूलबाळ नव्हतं. मनकर्णाबाईंचे यजमान नारायणराव यांनी तिला झोपडीतून काढलं नाही, राखणीचं काम तिच्याकडेच ठेवलं. नारायणराव जिनिंगच्या कचेरीत बडे बाबू होते. रविवारी सुट्टी. रखवालदार मेल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत नारायणराव दर रविवारी आमराईत जाऊ लागले. आधी मोहोराच्या आणि आंबे उतरवायच्या दिवसांतच जायचे, पुढे झाडांवर पानांशिवाय काही नसे तेव्हाही. पहाटेची गाडी धरून जात आणि दिवेलागणीला परत येत. येताना चेहरा असा निवांत असे, की मनकर्णाबाईंना त्याचीच चीड येई. घरात हा चेहरा कधी दिसला नव्हता.

मग नात्यातल्या झुंबरबाई एकदा हळदीकुंकवाला आल्या आणि रखवालदाराच्या विधवेची चौकशी करून गेल्या. तेवढं पुरलं. मनकर्णाबाईंनी भांडण केलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना, ताट हातात असतानाच, त्यांनी नवऱ्याला रमाकांतच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. मी आहे तोवर त्या आमराईत पाय टाकणार नाही, असं वदवून घेतलं. नारायणरावांनी त्यांच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. कशासाठी, कुणामुळे, काहीच विचारलं नाही. हात ठेवला आणि पाटावरून उठले. ज्या माणसाच्या मनात काही नाही तो विचारेल तरी, असं मनकर्णाबाईंनी धरलं, आणि त्या न विचारण्यालाच कबुली समजल्या.

पुढच्या उन्हाळ्यात महाराष्ट्र झाल्याचा जलसा गावात झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत नारायणरावांनी कचेरीतल्या खुर्चीतच मान टाकली. हृदय, असं सगळे म्हणाले.

या गोष्टीला चार-पाच वर्षं होऊन गेली होती. आणि आता त्याच आमराईत त्यांना स्वतःला राहायला जायचं होतं.

त्या गेल्या, त्या डॉक्टरांवर विश्वास ठेवून नव्हे. एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं, असं त्यांच्या मनात होतं.

मलकापूरला गाडी बदलून फाट्यापर्यंत, आणि पुढे बैलगाडीनं त्या आमराईत पोचल्या तेव्हा माघ संपत आला होता. आंब्यांना मोहोर आला होता आणि मधमाश्यांचा एकसारखा गुंजारव चालला होता. नाल्याच्या काठी नारायणरावांनी बांधलेली दोन खणांची पक्की खोली होती. तिच्या सारवलेल्या ओट्यावर गोजरबाई उभी होती. अंगानं सडपातळ, केस अर्धे पांढरे, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. मनकर्णाबाईंनी मनात जी बाई रंगवली होती, तिचा मागमूस तिथं नव्हता. पण ही काही पहिल्यापासूनच म्हातारी नव्हती, असं त्यांनी स्वतःला बजावलं. रमाकांत शाळेत मास्तर होता, दोन दिवस राहून तो परत गेला. बरोबर आणलेली कामवाली पोर आठवड्यातच घरच्या आठवणीनं रडू लागली, म्हणून तिलाही पाठवून द्यावं लागलं. उरल्या दोघी.

पहिल्या महिन्यात मनकर्णाबाई गोजरबाईच्या हातचं पाणीसुद्धा पीत नव्हत्या. आपली चूल आपण पेटवायच्या. गोजरबाईनं विहिरीवरून आणलेली घागर ओतून द्यायच्या आणि लहान कळशी घेऊन स्वतः जायच्या. गोजरबाई ओतलेल्या पाण्याकडे पाही आणि रिकामी घागर उचलून नेई.

सकाळ-संध्याकाळ त्या फिरू लागल्या, पण डॉक्टरांसाठी नव्हे. नवरा इथं दिवसभर करत काय होता, याचा त्यांना माग काढायचा होता. झाडामागून झाड बघत त्या जात. कुठं ओटा बांधलाय, कुठं बाज टाकायची सपाट जागा केलीय, झोपडीपासून ती किती जवळ आहे. एका जांभळाच्या बुंध्याशी जमीन दबलेली दिसली. तिथं त्या वाकून वाकून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडे गेल्या, तिसऱ्या दिवशी कुंपणाच्या कडेकडेनं. गोजरबाई विळा घेऊन गवताला गेली की त्या अंतर राखून मागे जात. ती कुणाला भेटते, कुणाशी बोलते? ती कुणालाच भेटत नसे. कधी गाईला पाणी दाखवी, कधी वाळकी पानं ओढून ढीग करी, आणि उन्हं कलली की झोपडीच्या दाराशी बसून धान्य निवडी.

अशी पाळत ठेवता ठेवता मनकर्णाबाईंच्या पायांत बळ आलं. कुंपणाचा फेरा घालताना आधी त्यांना तीनदा बसावं लागायचं, पुढे त्या एकदाही बसेनाशा झाल्या. झोप लागू लागली. भोंगा नाही, घरघर नाही, तरी चुकल्यासारखं वाटेनासं झालं. सकाळी जाग यायची ती पाखरांनी, आणि जाग आल्यावर छातीवर हात ठेवून ठोके तपासायची सवय कधी सुटली ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्याचं श्रेय गोळ्यांना दिलं.

वैशाखात उन्हानं कहर केला. शेतं, नाला, वाटा, सगळं तापून पांढरं पडलं होतं. आमराईत तेवढी सावली होती. एका दुपारी मनकर्णाबाई हट्टानं विहिरीवर गेल्या. कळशी भरून वर ओढली आणि तोच पाटा पुन्हा छातीवर येऊन बसला. या खेपेला जास्त जड. कळशी हातातून सुटली.

आवाज ऐकून गोजरबाई धावत आली. मनकर्णाबाई आडव्या होऊ पाहत होत्या. तिनं त्यांना पडू दिलं नाही. काखेत हात घालून आंब्याच्या बुंध्यापाशी नेलं आणि पाठ टेकवून बसवलं. चोळीची गाठ सैल केली. म्हणाली, "आडव्या पडू नका बाई, टेकूनच बसा. गोळी कुठी हाये? जिभेखालची?"

मनकर्णाबाईंनी कमरेच्या पिशवीकडे बोट केलं. गोजरबाईनं गोळी काढून त्यांच्या जिभेखाली ठेवली, गिळू नका म्हणून सांगितलं, आणि पदरानं वारा घालत बसली. बोलली नाही, रडली नाही, धावपळ केली नाही. कळ हळूहळू उतरली. उन्हं कलेपर्यंत दोघी तिथंच होत्या. मग गोजरबाईनं पाणी आणलं आणि मनकर्णाबाई ते प्यायल्या.

त्या दिवसापासून चूल एक झाली. नाइलाजच होता, मनकर्णाबाईंना डॉक्टरांनी निरोपावरून अंथरुणाला खिळवलं होतं. रमाकांत येऊन त्यांना परत न्यायला बघत होता, पण एवढ्या उन्हात प्रवास नको, असं डॉक्टरांनीच कळवलं होतं. गोजरबाई भाकरी करी, भाजीत मीठ कमी घाली, आणि त्या जेवत.

पडल्या पडल्या त्यांच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत राहिली. जिभेखालची गोळी. रमाकांतनं तिला सांगितलं असेल, असं त्यांना आधी वाटलं. तो आला तेव्हा त्यांनी आडून विचारलं. त्यानं सांगितलं नव्हतं. मग या बाईला कसं ठाऊक, की अशा माणसाला आडवं निजवायचं नसतं? गोळी गिळायची नसते, हे तिला कुणी शिकवलं? तिचा नवरा तर साप चावून मेला होता.

आंबे उतरवून झाले. आमराई हिरवीगार झाली, नाल्याला पाणी आलं, मनकर्णाबाई काठी टेकत पुन्हा फिरू लागल्या. आषाढातल्या एका संध्याकाळी ओट्यावर दोघी शेंगा सोलत बसल्या होत्या. मनकर्णाबाईंनी मान वर न करता विचारलं, "तुले कसं ठाऊक होतं, गोजर? ते गोळीचं?"

गोजरबाईचे हात थांबले नाहीत. "मालकायले होत होतं तसंच," ती म्हणाली.

"काय होत होतं?"

"हेच. कळ. पह्यल्यांदा आलती तवा ते नाल्याकाठी निजले, अन् अजूनच घाबरे झाले. मंग डॉक्टरनं त्यायले सांगितलं का टेकून बसायचं, गोळी जिभेखाली धरायची. त्यायनं मले शिकवून ठेवलं. एकटा असलो त तूच देशीन म्हने."

मनकर्णाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. नारायणरावांना छातीचं दुखणं होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, की मग मला काऊन नाही सांगितलं. गोजरबाईनं सांगितलं, की घरी कळू द्यायचं नाही, असं त्यांनी तिला बजावलं होतं. घरी कळलं तर कचेरीत कळेल, कचेरीत कळलं तर खुर्ची जाईल, आणि रमाकांतचं शिक्षण व्हायचं होतं. डॉक्टरांनी झाडांत फिरा म्हणून सांगितलं होतं, म्हणून ते रविवारी यायचे. फिरायचे, दमले की जांभळाखाली बसायचे, तिथंच डबा खायचे. ती पाणी नेऊन द्यायची.

सगळं जुळत होतं. म्हणूनच मनकर्णाबाईंना शंका आली. इतकी वर्षं मिळाली म्हटल्यावर गोष्ट जुळवून ठेवता येते. त्यांनी शेवटी सरळच विचारलं. "नुसतं पानीच देत होती का?"

आता गोजरबाईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "माह्या मनात होतं, बाई. खोटं काऊन बोलू? रविवार आला का मी ओटा सारवून ठेवो. पन त्यायच्या मनात नोतं. त्यायनं कधी मान वर करून पाह्यलं नाही माह्याकडं."

मनकर्णाबाईंनी इतकी वर्षं ज्या उत्तराची वाट पाहिली होती त्यातलं अर्धं त्यांना मिळालं होतं, आणि ते त्यांना कुठं ठेवावं हे कळेना. राग यायला हवा होता. आला, पण उभा राहीना.

थोड्या वेळानं गोजरबाईनंच विचारलं, की मग त्यांनी येणं काऊन बंद केलं? मनकर्णाबाई म्हणाल्या, "कचेरीत काम वाढलं होतं."

गोजरबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "त्यायनं तसं नोतं सांगितलं," ती म्हणाली, आणि शेंगा सोलू लागली. आवाज चढलेला नव्हता की टोमणाही नव्हता.

म्हणजे शपथ घेतल्यावरही ते एकदा येऊन गेले होते. सांगायला. आणि या बाईला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी ओट्यावर उभी होती तेव्हा ठाऊक होतं, घागर ओतली तेव्हा ठाऊक होतं, बुंध्याला टेकवून बसवलं तेव्हाही ठाऊक होतं, की आपणच त्यांना इथं यायला बंदी केली आणि पुढे ते सहा-सात महिन्यांत गेले.

मग हिनं मला वाचवलं कशाला?

हा प्रश्न मनकर्णाबाईंना आमराईत राहू देईना. गोजरबाईच्या हातची भाकरी पुढ्यात आली की त्या तिच्या चेहऱ्याकडे पाहत. तिथं काहीच दिसत नसे. पोळ्याच्या आधी त्यांनी रमाकांतला बोलावून घेतलं. डॉक्टरांना दाखवून येते, एवढंच गोजरबाईला सांगितलं. कधी येणार ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, बैलगाडीत बोचकं ठेवून दिलं.

रंगराव डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि खूश झाले. रक्तदाब उतरला होता, ठोके ठीक पडत होते. वैशाखात झटका येऊनही ही तब्येत म्हणजे झाडांचीच करामत, असं ते रमाकांतला म्हणाले. मनकर्णाबाईंनी मुलाला बाहेर बसायला सांगितलं. दार लोटल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरच्यायलेही तुमीच पाठवत होते का तिथं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी सांगितलं, की हो. नारायणरावांना छातीचं दुखणं बरीच वर्षं होतं. कुणाला सांगायचं नाही, असं वचन त्यांनी घेतलं होतं. ते गेल्यावर सांगून उपयोग नव्हता म्हणून डॉक्टर बोलले नव्हते. "ती आमराई मला त्यांच्याचकडून ठाऊक. तिथं जात होते तोवर त्यांचं बरं चाललं होतं. मग एकाएकी जाणं सोडलं. मी विचारलं तर नुसते हसले. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मनकर्णाबाई नाही म्हणाल्या. बाहेर येऊन टांग्यात बसल्या तेव्हा त्यांनी छातीशी पदर गच्च धरला होता. रमाकांतनं घाबरून गोळी काढली, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. कळ नव्हती ती.

डॉक्टरांनी अर्ध्या गोष्टीवर शिक्का मारला होता. उरलेल्या अर्ध्याला साक्षीदार नव्हता. त्यांच्या मनात नव्हतं, हे एकट्या गोजरबाईच्या शब्दावर मानायचं होतं. घरी मधल्या खोलीत पडून मनकर्णाबाईंनी हे पुष्कळ वेळा उलटसुलट केलं. जिला खोटं बोलायचं असतं, ती आपल्या मनातलं तरी कशाला सांगेल? आपण तर डॉक्टरांना माहीत नाही म्हणून सांगून आलो; आपल्याला तरी कुठं सांगता आलं? शारदा जेवायला बोलावून गेली. पलीकडे जिनिंगची यंत्रं हंगामाआधी साफ करून चालवून बघत होते, भिंत थरथरत होती. गोजरबाईनं घागर कशी गुपचूप उचलून नेली होती, ते त्यांना आठवलं. त्यांनी डोळ्यांवर पदर घेतला.

शारदानं त्यांना राहायचा आग्रह केला, दिवाळी तरी करून जा म्हणाली. तिच्या आवाजातली माया त्यांना या वेळी जास्त वाटली नाही. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दिवाळीला तुम्हीच तिकडे या म्हणून सांगितलं. रमाकांतला शाळा होती. मलकापूरपर्यंत शेजारची माणसं सोबत होती, तिथून पुढे त्या एकट्याच निघाल्या. आमराईत निरोप पाठवला नाही. पाठवायला कुणी नव्हतं, आणि खरं म्हणजे, आपण न सांगता गेलो तर ती काय करत असते ते बघावं, हेही थोडं मनात होतंच.

धामणगावच्या फाट्यावर एसटीची गाडी थांबली तेव्हा ऊन उतरत होतं. मनकर्णाबाई बोचकं सावरत खाली उतरल्या. समोर, निंबाच्या बुंध्याशी, गोजरबाई उभी होती. तिनं पुढे होऊन बोचकं घेतलं.

मनकर्णाबाईंच्या कपाळावर आठी पडली. "तुले कोनं सांगितलं, मी आज येनार म्हनून?"

"कोनी नाही," गोजरबाई म्हणाली. "तुमी गेल्या तवापासून रोज या गाडीले येऊन राह्यली मी."

गाडी धुरळा उडवत पुढे गेली. आमराईची वाट तिथून मैलभर होती आणि बैलगाडी काही सांगितलेली नव्हती. गोजरबाईनं विचारलं, चालवंल का. त्यांनी हाव म्हटलं, आणि दोघी चालू लागल्या.